अमेरिकेत घरकर्जाचे रिफायनान्स: सही करण्यापूर्वी क्लोजिंग कॉस्ट तज्ज्ञाकडून कशी तपासून घ्यावी

अमेरिकेत व्याजदर थोडे उतरले की घरोघरी रिफायनान्सची, म्हणजे जुने घरकर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज घेण्याची, चर्चा सुरू होते आणि ती बहुतेक वेळा एकाच आकड्याभोवती फिरते: नवा दर किती मिळतो आहे? तो दर मिळवण्यासाठी आपण किती मोजणार आहोत, हा दुसरा आकडा मात्र अनेकांच्या नजरेस सहीच्या दिवशीच पडतो. त्या वेळी दर लॉक झालेला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी पक्का केलेला, असतो, अप्रेझलचे (घराच्या मूल्यांकनाचे) पैसे गेलेले असतात, कामावरून रजा घेतलेली असते आणि समोर कागदांचा गठ्ठा असतो. तेव्हा प्रश्न विचारणे अवघड जाते आणि विचारलेच तरी आकडे फारसे बदलत नाहीत. म्हणून या लेखात सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच की क्लोजिंग कॉस्टची, म्हणजे कर्ज करताना लागणाऱ्या खर्चाची, तपासणी अगदी सुरुवातीला, म्हणजे लोन एस्टिमेट (लेंडरने, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेने, लेखी दिलेला खर्चाचा अंदाज) हाती येताच करून घ्यावी, आणि ती अशा माणसाकडून करून घ्यावी ज्याला आपण कर्ज घेतले काय किंवा न घेतले काय, मोबदला तेवढाच मिळणार आहे.

तज्ज्ञ कोणाला म्हणावे

लोन ऑफिसर आणि मॉर्टगेज ब्रोकर यांना या विषयाची माहिती भरपूर असते, पण त्यांचा मोबदला साधारणतः कर्ज पूर्ण झाले तरच मिळतो आणि तो कर्जाच्या रकमेवर अवलंबून असतो. यात गैर काही नाही. मात्र ‘हे रिफायनान्स करूच नका’ असा सल्ला त्यांच्याकडून सहजी मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. टायटल कंपनीचा (घराच्या मालकीची नोंद तपासणाऱ्या कंपनीचा) प्रतिनिधी किंवा सेटलमेंटचे, म्हणजे व्यवहार पूर्ण करण्याचे, काम पाहणारा वकीलही आपल्या बाजूने नेमलेला आहे असे गृहीत धरू नये; ‘तुम्ही या व्यवहारात कोणाचे वकील आहात?’ असे त्याला सरळ विचारावे.

परदेशातील मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. महाराष्ट्र मंडळातील एखादा परिचित या व्यवसायात असतो, त्याने मित्रांची कर्जे करून दिलेली असतात, आणि त्याला दुसऱ्या ठिकाणचा कागद दाखवून ‘तुमची फी जास्त आहे’ असे म्हणणे जिवावर येते. ओळखीच्या माणसाकडून कर्ज घ्यायला काहीच हरकत नाही, परंतु कागद तपासायला त्याच्याकडेच देणे योग्य नव्हे. आपल्याकडे भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे तंतोतंत लागू पडते.

मग जावे कोणाकडे? पहिला आणि बहुतेकांनी न वापरलेला पर्याय म्हणजे केंद्र सरकारच्या गृहनिर्माण विभागाने, म्हणजे ‘हड’ने, मान्यता दिलेल्या गृहसल्ला संस्था. त्यांचे सल्लागार अशी कागदपत्रे नेहमी पाहत असतात आणि शुल्क घेतलेच तर माफक घेतात. कर्जासाठी अर्ज केल्यावर तीन कामकाजी दिवसांत लेंडरने आपल्या भागातील अशा संस्थांची यादी आपल्याला द्यायची असते. ते पान बाकीच्या कागदांत कुठेतरी असते, ते शोधून काढावे. दुसरा पर्याय म्हणजे स्थावर मालमत्तेचे काम करणारा, आपण स्वतः नेमलेला वकील. मालकीत काही गुंतागुंत असेल, घटस्फोट झालेला असेल, घर ट्रस्टच्या नावावर असेल किंवा दुसरे कर्ज डोक्यावर असेल तर वकिलाला पर्याय नाही. तिसरा माणूस सीपीए, म्हणजे परवानाधारक लेखापाल. त्याच्याकडे फक्त कराचे प्रश्न न्यावेत. चौथा म्हणजे केवळ फी घेऊन सल्ला देणारा, कमिशन न घेणारा आर्थिक सल्लागार. साध्या रिफायनान्ससाठी हे सगळे लागत नाहीत. माझ्या मते हड-मान्य सल्लागाराची एक बैठक आणि सीपीएला पाठवलेला एक ईमेल एवढ्यावर बहुसंख्य कुटुंबांचे काम भागते.

नेमण्यापूर्वी परवाना तपासावा. लोन ऑफिसरचा एनएमएलएस (घरकर्ज व्यवसायातील परवान्यांची देशव्यापी नोंदणी यंत्रणा) क्रमांक त्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो, तर वकिलाची नोंद राज्याच्या बारकडे सापडते. काय तपासायचे आणि किती फी, हे लेखी ठरवून घ्यावे. कागद पाठवताना सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि खाते क्रमांक झाकावेत. क्लोजिंग कॉस्ट तपासण्यासाठी त्यांची गरज नसते.

अर्ज आणि तीन लोन एस्टिमेट

नाव, उत्पन्न, सोशल सिक्युरिटी क्रमांक, घराचा पत्ता, घराची अंदाजे किंमत आणि हवी असलेली कर्जरक्कम, एवढ्या सहा गोष्टी दिल्या की कायद्याच्या दृष्टीने अर्ज झाला आणि लेंडरने तीन कामकाजी दिवसांत लोन एस्टिमेट दिलेच पाहिजे. ३ ऑक्टोबर २०१५ पासून हा तीन पानी नमुना सगळ्या लेंडरसाठी एकच आहे, त्यामुळे दोन प्रस्ताव शेजारी ठेवून ओळीला ओळ लावता येते. आपण पुढे जाण्याची इच्छा कळवीपर्यंत लेंडरला क्रेडिट रिपोर्टचा वाजवी खर्च सोडून अन्य कोणतीही फी घेता येत नाही. ‘आधी अप्रेझलचे पैसे भरा, मग आकडे देतो’ असे कोणी म्हणू लागला, तर तिथेच थांबावे.

किमान तीन ठिकाणांहून, शक्यतो एकाच दिवशी, एकाच रकमेचे, एकाच मुदतीचे आणि एकाच प्रकारचे लोन एस्टिमेट मागवावेत. दर रोज हलतात. सोमवारचा एक कागद आणि शुक्रवारचा दुसरा अशी तुलना फसवी ठरते. अनेक चौकशांमुळे क्रेडिट स्कोअर कोसळेल, ही भीती बाळगू नये, कारण घरकर्जासाठी ४५ दिवसांत झालेल्या चौकशा सामान्यतः एकच चौकशी म्हणून धरल्या जातात. तोंडी दिलेले किंवा ‘फी वर्कशीट’ नावाने पाठवलेले आकडे तज्ज्ञाकडे नेऊन फारसा उपयोग नाही. ते लेंडरला बांधील नसतात.

दुसरे पान ओळीने वाचणे

सगळी मेख दुसऱ्या पानावर आहे. डाव्या बाजूला कर्जाचा खर्च ए, बी आणि सी अशा तीन गटांत मांडलेला असतो, त्यांची बेरीज डी. उजव्या बाजूला इ, एफ, जी, एच हे इतर खर्च, आणि शेवटी जे, म्हणजे एकूण क्लोजिंग कॉस्ट. तज्ज्ञासमोर बसल्यावर याच क्रमाने जावे.

ए गट लेंडरच्या स्वतःच्या आकारणीचा. पॉइंट्स असतील तर ते पहिल्याच ओळीत टक्क्यांसह लिहिलेले असतात. एक पॉइंट म्हणजे कर्जाच्या रकमेचा एक टक्का. त्याखाली अंडररायटिंग, प्रोसेसिंग, अ‍ॅप्लिकेशन अशा निरनिराळ्या नावांच्या फी येतात. नावांवरून वाद घालत बसण्यात अर्थ नाही, कारण एक लेंडर एकाच नावाखाली १,५०० डॉलर लावतो आणि दुसरा तेवढेच चार नावांत विभागतो. या गटाची एकूण बेरीज, तोच दर गृहीत धरून, तिन्ही कागदांवर ताडून पाहावी. घासाघीस करायची ती इथेच, आणि दुसऱ्या लेंडरचा कागद हातात असेल तर ती बहुधा यशस्वी होते.

बी गटात अप्रेझल, क्रेडिट रिपोर्ट, पूरक्षेत्राचा दाखला असे खर्च असतात, ज्यांचा पुरवठादार लेंडर निवडतो. एखाद्या लेंडरने अप्रेझल माफ केले असेल तर काही शे डॉलर वाचतात. बाकी इथे फार वेळ घालवू नये.

सी गटात मात्र वेळ घालवावा. टायटल सर्च (मालकीच्या नोंदींचा शोध), टायटल विमा (मालकीत दोष निघाल्यास भरपाई देणारा), सेटलमेंट फी हे या गटात येतात आणि त्यांचा पुरवठादार निवडण्याचा हक्क आपला असतो. लेंडर आपल्या पसंतीच्या कंपन्यांची यादी देतो. यादीतील एखादी कंपनी त्याच्याच मालकीची असेल, तर तो संबंध त्याने वेगळ्या कागदावर उघड करायचा असतो. तज्ज्ञाला येथे दोन गोष्टी मुद्दाम विचाराव्यात. पहिली: घर घेताना आपण मालकाची टायटल पॉलिसी घेतली असेल तर ती घर आपल्याकडे असेपर्यंत चालू राहते, रिफायनान्समध्ये नव्याने लागते ती फक्त लेंडरची पॉलिसी, म्हणून मालकाच्या पॉलिसीचा आकडा कागदावर दिसल्यास तो का आहे हे विचारावे. दुसरी: जुनी पॉलिसी दाखवल्यास अनेक राज्यांत रिफायनान्ससाठी किंवा पुन्हा पॉलिसी देण्यासाठी कमी दर लागतो, पण तो आपण मागितल्याशिवाय लावला जाईलच असे नाही. टेक्सास आणि फ्लोरिडामध्ये विम्याचे दरपत्रक राज्य ठरवते, त्यामुळे तेथे विम्याच्या हप्त्यात फरक पडत नाही. सवलत आणि सेटलमेंट फी यांत पडू शकतो. खरेदीच्या वेळची फाइल याचसाठी जपून ठेवावी.

सौर पॅनेल भाडेतत्त्वावर घेतलेल्यांनी ही गोष्ट अर्जाच्या वेळीच सांगावी. पॅनेल कंपनीने मालमत्तेच्या नोंदीत आपला हक्क सहसा नोंदवलेला असतो आणि टायटल कंपनी तो बाजूला करायला सांगू शकते. त्यात काही आठवडे जातात आणि दर लॉकची मुदत संपली तर ती वाढवण्याचा भुर्दंड आपल्यावर येतो. हीच अडचण घराच्या जोरावर काढलेल्या क्रेडिट लाइनचीही असते.

इ गटात सरकारी नोंदणी फी आणि कर येतात. न्यू जर्सीत गहाणावर वेगळा नोंदणी कर नाही, त्यामुळे एडिसनमधील घराला येथे फारसा खर्च पडत नाही. पण नदी ओलांडून न्यूयॉर्क शहरात गेले की चित्र बदलते. तेथे एक ते तीन कुटुंबांच्या घरांवर ५ लाख डॉलरपेक्षा कमी रकमेच्या गहाणावर कर्जदाराला सुमारे १.८ टक्के आणि त्याहून मोठ्या गहाणावर सुमारे १.९२५ टक्के कर भरावा लागतो. समजा, जुन्या कर्जाची बाकी साडेचार लाख आहे आणि नवे कर्ज ४ लाख ६० हजारांचे आहे. सरळ नवे गहाण केले तर कर सुमारे ८,२८० डॉलर होतो. त्याऐवजी जुने गहाण फेडून मिटवण्याऐवजी नव्या लेंडरकडे वर्ग करून दोन्ही एकत्र करणारा ‘सेमा’ नावाचा करार केला, तर कर फक्त वाढीव १० हजारांवर, म्हणजे सुमारे १८० डॉलर लागतो. यासाठी जुन्या लेंडरची तयारी लागते, तो आणि वकील वेगळी फी घेतात आणि वेळही जास्त जातो, तरीही बचत मोठी राहते. तज्ज्ञाची फी एका वाक्यात भरून निघते ती अशा ठिकाणी.

खर्च कोणता आणि आपलेच पैसे कोणते

एफ आणि जी गटांत आगाऊ व्याज, घराचा विमा आणि एस्क्रो खात्यात (कर आणि विमा भरण्यासाठी लेंडर आपले पैसे ठेवतो त्या खात्यात) सुरुवातीला भरायचा मालमत्ता कर असतो. न्यू जर्सीसारख्या भारी मालमत्ता कराच्या राज्यात ही रक्कम इतकी मोठी दिसते की लोक घाबरून चांगला प्रस्ताव सोडतात, किंवा उलट, एखाद्या लेंडरने ती कमी दाखवली म्हणून त्याचा प्रस्ताव स्वस्त समजतात. हे पैसे रिफायनान्स केले नसते तरी आपल्याला भरावेच लागले असते. शिवाय कर्ज फिटल्यावर जुन्या एस्क्रोमधील शिल्लक जुन्या सर्व्हिसरने (कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीने) २० कामकाजी दिवसांत परत करायची असते. एस्क्रोमध्ये लेंडरला वर्षभराच्या खर्चाच्या एक षष्ठांशापेक्षा, म्हणजे दोन महिन्यांपेक्षा जास्त गंगाजळी धरता येत नाही. ही मर्यादा तज्ज्ञाकडून जरूर तपासून घ्यावी. मात्र प्रस्तावांची तुलना करताना एफ आणि जी बाजूला ठेवून ती डी आणि इ यांच्या आधारेच करावी, आणि लेंडरने काही रक्कम माफ केली असेल तर ती वजा करावी.

‘नो क्लोजिंग कॉस्ट’ म्हणजे खर्च नाहीसा होत नाही. एक तर दर वाढवून त्याच्या बदल्यात लेंडर खर्चात सूट (क्रेडिट) देतो, नाहीतर खर्च मुद्दलात मिसळून आपण त्यावर तीस वर्षे व्याज भरतो. दोन वर्षांत घर विकायचे असेल तर पहिला प्रकार शहाणपणाचा ठरू शकतो. दुसरा क्वचितच ठरतो.

किती महिन्यांत वसूल होणार

हा हिशेब तज्ज्ञाकडून स्वतःच्या आकड्यांनी करून घ्यावा. उदाहरणार्थ, ४ लाख डॉलरच्या तीस वर्षांच्या स्थिर दराच्या कर्जावर एक लेंडर ६.३७५ टक्के दर पॉइंट न घेता देतो आणि दुसरा दीड पॉइंट, म्हणजे ६,००० डॉलर घेऊन ६.१२५ टक्के देतो. बाकी खर्च सारखा. पहिल्याचा मुद्दल-व्याजाचा मासिक हप्ता सुमारे २,४९५ डॉलर आणि दुसऱ्याचा सुमारे २,४३० डॉलर येतो. महिन्याला ६५ डॉलर वाचवण्यासाठी ६,००० डॉलर दिले, तर ते वसूल व्हायला ९२ महिने, म्हणजे साडेसात वर्षांहून अधिक काळ लागतो. कमी दराने मुद्दल किंचित लवकर फिटते, त्यामुळे प्रत्यक्षात काळ थोडा कमी भरतो; पण निर्णय त्याने बदलत नाही. एच-१बीवर असलेल्या, ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या किंवा चार-पाच वर्षांत पुण्याला परतण्याचा विचार असलेल्या कुटुंबाने असे पॉइंट्स घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी दर उतरले आणि पुन्हा रिफायनान्स केले, तरीही ते पैसे बुडीतच जातात.

लोन एस्टिमेटच्या तिसऱ्या पानावर ‘पाच वर्षांत’ असा एक चौकोन असतो. त्यात पाच वर्षांत एकूण किती भरले जाईल आणि त्यातले किती मुद्दलात जाईल, असे दोन आकडे दिलेले असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की पाच वर्षांसाठी त्या कर्जाची खरी किंमत मिळते. तीच तिन्ही कागदांवर ताडून पाहणे ही मला सर्वांत प्रामाणिक तुलना वाटते. एपीआरमध्ये, म्हणजे खर्च धरून काढलेल्या वार्षिक दरात, खर्च पूर्ण मुदतीवर पसरलेला असतो आणि पूर्ण मुदत फार थोडे लोक कर्ज ठेवतात.

मुदतीकडेही पाहावे. चोवीस वर्षे उरलेले कर्ज पुन्हा तीस वर्षांचे केले की हप्ता उतरलेला दिसतो, पण त्यातला काही भाग दराचा नसून वाढलेल्या सहा वर्षांचा असतो. उरलेल्या मुदतीइतक्याच किंवा वीस वर्षांच्या कर्जाचा आकडा मागवून मगच ठरवावे.

सीपीएला विचारायचा प्रश्न छोटा आहे. रिफायनान्सचे पॉइंट्स सामान्यतः एका वर्षात वजावटीस मिळत नाहीत. ते कर्जाच्या मुदतीत विभागावे लागतात. वरच्या उदाहरणात ही वजावट वर्षाला २०० डॉलर होते, आणि तीसुद्धा आपण स्टँडर्ड डिडक्शन न घेता खर्चांची यादी देत असू तरच. अप्रेझल आणि टायटलच्या खर्चाची वजावट राहत्या घराला मिळत नाही.

क्लोजिंग डिस्क्लोजर: दुसरी तपासणी

सहीच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी पाच पानी क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे अंतिम खर्चाचा कागद, आपल्या हाती आले पाहिजे. ज्या तज्ज्ञाने पहिला कागद पाहिला, त्यालाच हा त्याच दिवशी पाठवावा. यासाठी त्याची वेळ आधीच ठरवून ठेवावी. दोन्ही कागद शेजारी ठेवले की तपासणी तासाभरात होते. लेंडरची स्वतःची फी, हस्तांतरण कर आणि लेंडरनेच निवडलेल्या पुरवठादारांची फी, परिस्थिती बदलल्याचे वैध कारण नसेल, तर एक डॉलरनेही वाढू शकत नाही. नोंदणी फी आणि लेंडरच्या यादीतून आपण निवडलेल्या सेवा यांची एकत्रित बेरीज दहा टक्क्यांपर्यंत वाढू शकते. आगाऊ व्याज, विमा, एस्क्रो आणि यादीबाहेरून आपण निवडलेला पुरवठादार यांना अशी मर्यादा नाही. मर्यादेबाहेर वाढ दिसली तर लेंडरला लेखी कळवावे. जादा घेतलेली रक्कम त्याने सहीनंतर साठ दिवसांत परत करायची असते. स्थिर दराच्या साध्या कर्जाचा एपीआर ०.१२५ टक्क्यापेक्षा जास्त वर सरकला, कर्जाचा प्रकार बदलला किंवा मुदतपूर्व फेडीचा दंड नव्याने घातला गेला, तर तीन दिवसांची वाट पुन्हा पहिल्यापासून पाहावी लागते.

जोडीदार त्या वेळी भारतात असणार असेल तर हा प्रश्न डिस्क्लोजर येण्याची वाट न पाहता सोडवावा. लेंडर आणि टायटल कंपनी या दोघांनी मान्य केलेल्या मजकुराचेच, याच व्यवहारापुरते मुखत्यारपत्र लागते. मुंबईतील अमेरिकन वाणिज्य दूतावासात ते नोटराइज करून घेता येते, पण तिथली वेळ आधी घ्यावी लागते आणि मूळ प्रत कुरियरने पाठवावी लागते.

क्लोजिंगला पैसे भरायचे असतील तर वायरची माहिती ईमेलवर विसंबून वापरू नये. टायटल कंपनीला आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खाते क्रमांक वाचून घ्यावा.

सहीनंतर

राहत्या घराचे रिफायनान्स वेगळ्या लेंडरकडे केले असेल, तर सही केल्यावरही तिसऱ्या कामकाजी दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत व्यवहार रद्द करता येतो. या मोजणीत शनिवार धरतात. रविवार आणि केंद्रीय सुट्ट्या धरत नाहीत. गुरुवारी सही झाली तर, मध्ये सुट्टी नसल्यास, मुदत सोमवारी मध्यरात्री संपते. सूचना लेखीच द्यावी लागते, घरात हक्क असलेल्या कोणाही एकाने दिली तरी पुरते, आणि त्यानंतर लेंडरने वीस दिवसांत घेतलेले पैसे परत करायचे असतात. गुंतवणुकीच्या किंवा दुसऱ्या घराला हा हक्क नाही. त्याच लेंडरकडे रिफायनान्स केल्यास तो फक्त नव्याने घेतलेल्या जादा रकमेपुरता मिळतो. तज्ज्ञाला डिस्क्लोजर पाहायला उशीर झाला असेल, तर निदान या तीन दिवसांत तरी त्याने सही केलेला संच पाहावा.

पुढच्या काही आठवड्यांत जुने कर्ज शून्य झाल्याचे पत्र, जुन्या एस्क्रोचा धनादेश आणि मधल्या काळात मालमत्ता कराचा हप्ता येत असेल तर तो नक्की कोणी भरला याची पावती, या तीन गोष्टी मिळाल्याची खात्री करावी. क्लोजिंग डिस्क्लोजरची प्रत आणि नवी टायटल पॉलिसी खरेदीच्या जुन्या फाइलमध्येच लावावी. पॉइंट्स घेतले असतील तर ही प्रत सीपीएला दरवर्षी लागते, आणि पुढच्या रिफायनान्सच्या वेळी कमी दर मागताना टायटल कंपनीला दाखवायची तीच पॉलिसी.